हात राहू द्या

“अजून बारीक करा ना ताई, घेतच नाहीये तो,” काउंटरपलीकडची मुलगी म्हणाली. नोकरीच्या अर्जाला जोडायचा तिचा फोटो पन्नास केबीच्या आत बसायला हवा होता आणि तो बावन्नवर अडून बसला होता.

“मागची भिंत जरा धुऊन काढते. मग बसेल.”

ताईंनी फोटोतल्या भिंतीवरचे डाग पुसले, पोपडे पुसले, भिंत दुधासारखी सपाट करून टाकली. फाइल एकोणपन्नासवर आली. मुलगी सुटकेचा श्वास टाकून निघून गेली.

या ताईंना सगळी गल्ली बारीकताई म्हणायची. अंगाने त्या चांगल्या ऐसपैस होत्या, त्यामुळे नाव ऐकून आलेला नवखा माणूस आधी दुकानात दुसरं कोणी बसलंय का ते बघायचा. त्यांचं त्यांनाच हसू यायचं. झेरॉक्सच्या दुकानाच्या कोपऱ्यात एक टेबल, एक संगणक आणि पाठीमागे खिडकी, एवढाच त्यांचा संसार. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता तेव्हा त्या अंधाऱ्या खोलीत फोटो मोठे करायला शिकल्या होत्या. ट्रेमधल्या रसायनात कोरा कागद सोडला की आधी केस उगवायचे, मग डोळे, गाल सगळ्यात शेवटी. पुढे लोक फोनवरच फोटो काढायला लागले, वडील गेले, स्टुडिओला टाळं लागलं. आणि मोठं करणाऱ्या बापाची लेक गेली अठरा वर्षं लोकांना लहान करत होती.

काम तसं कंटाळवाणं. पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्यांची तंद्री लागायची. पडद्यावर राहिलेला एखादा चेहरा त्या मोठा करत न्यायच्या, आणखी मोठा, इतका की चेहरा संपून नुसते रंगांचे चौकोन उरायचे. खूप उंचावरून दिसणाऱ्या शेतांसारखे. त्या शेतांच्या बांधावरून आपण चालत चाललोय, ऊन कोवळं आहे आणि कुठे पोचायची घाई नाही, असं त्यांना वाटत राहायचं. कोणीतरी “ताई” म्हणून हाक मारली की त्या परत यायच्या.

त्या दिवशीही त्या अशाच दूर कुठेतरी होत्या. हाक आली तेव्हा समोर सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या आणि त्यांच्यासोबत त्यांची तिशीतली पुतणी.

“आमचे काका परवा सकाळी घरातून बाहेर पडले, ते आलेच नाहीत,” पुतणी म्हणाली. “त्यांना हल्ली आठवत नाही काही. पोलिसांत कळवलंय. फोटो सगळ्या ग्रुपवर टाकलाय, पण बघा ना काय झालंय त्याचं.”

तिने फोन पुढे केला. इकडून तिकडे जाता जाता फोटोतल्या माणसाचा नुसता धूर झाला होता. मिशी कुठे संपते आणि ओठ कुठे सुरू होतो तेही कळत नव्हतं.

“मूळचा आहे का?”

“आहे. पण बारा एमबीचा आहे. पाठवला की लोकांच्या फोनवर नुसतं चाक फिरत राहतं, उघडतच नाही.”

ताईंनी मूळ फोटो संगणकावर घेतला. खिडकीपाशी खुर्चीत बसलेले काका, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, मागे फुलाफुलांचा पडदा. शेजारी याच बाई उभ्या, त्यांचा हात काकांच्या खांद्यावर. उजेड असा पडला होता की खोलीत दोघांखेरीज दुसरं काही नसावंच.

“बसा मावशी,” ताई म्हणाल्या. “मला सांगा, परक्या माणसाने काकांना ओळखायचं कशावरून?”

मावशी बसल्या. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा.

“भिंतीला हात लावून चालतात,” त्या शेवटी म्हणाल्या. “आणि पुस्तक दिसलं की आधी उलटं करून शिवण बघतात. बाइंडर होते ना.”

“काकू, हे फोटोत कसं दिसेल?” पुतणी हळूच म्हणाली.

“डाव्या भुवईत एक खाच आहे,” मावशी म्हणाल्या.

ताईंनी खाच शोधून काढली. मग मावशींना बाजूला कापलं, पडदा कापला, चेहरा मध्यभागी आणला. खाच शाबूत राहील इतपत फाइल दाबली. सत्तर केबी. कुठल्याही फोनवर चटकन उघडला असता.

“झालं,” पुतणी उठलीच.

मावशी संगणकाकडे बघत होत्या. “माझा हात गेला का?”

“हो मावशी. चेहरा मोठा हवा ना.”

“हात राहू द्या.”

“काकू, अगं लोकांना त्यांचा चेहरा दिसायला पाहिजे. तुझा हात बघून कोण ओळखणार आहे?”

“लोकांसाठी नाही म्हणत मी. कोणी त्यांना हा दाखवला तर?” मावशींनी उजवा हात टेबलावर ठेवला. तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. “लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी. मी कागदांची थप्पी धरलेली, यांनी कटरचा दांडा ओढला. नंतर किती वर्षं झोपेतून उठून माझा हात चाचपायचे. फोटो काढताना मी हात पदराआड घ्यायची, तर म्हणायचे, नको लपवूस, मी केलंय ते. गेल्या महिन्यात मला विचारलं, तुम्ही कोण म्हणून. पण हात हातात घेतला तर बोटापाशी थांबले.”

पुतणी परत खाली बसली. तिला हे ठाऊक नसावं.

ताईंनी केलेलं सगळं रद्द केलं आणि नव्याने सुरुवात केली. हात घ्यायचा तर चौकट मोठी होणार, चौकट मोठी झाली की वजन वाढणार. शंभराच्या वर जाऊन चालणार नव्हतं. पडद्यावरच्या एकेका बारीक फुलाने जागा अडवली होती. ताईंनी ती फुलं विरघळवली. पडद्याचं धुकं झालं, खिडकीची चौकट धुक्यात गेली, खुर्ची गेली, शर्टाच्या रेषा पुसट झाल्या. सगळं घर हळूहळू पाण्याखाली चालल्यासारखं वाटत होतं, आणि त्यातून वर राहिले होते एक चेहरा आणि एक हात. बोटाच्या तुटक्या टोकाशी ताई सगळ्यात जास्त रेंगाळल्या. तिथला एकही चौकोन त्यांनी दाबला नाही.

नव्वद केबी.

“हाच पाठवा,” त्या पुतणीला म्हणाल्या. “आणि सगळ्यांना सांगा, मिळालेला तसाच पुढे पाठवा. त्याचा परत फोटो काढून पाठवू नका, पुन्हा धूर होईल.”

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे अर्जवाले आले. ताईंनी अकरा फोटो आणि सात सह्या लहान केल्या. दुपारी तंद्री लागली नाही. रस्त्यावर गळ्यापर्यंत बटण लावलेला कोणी म्हातारा दिसला की त्या अर्ध्या उठायच्या.

तिसऱ्या दिवशी पुतणी आली ती दारातूनच हसत.

काका दोन गावं पलीकडच्या बस डेपोत सापडले होते. डेपोच्या बाकावर ते सकाळपासून बसून होते. तिकीट खिडकीवरच्या बाईने येता-जाता दोनदा विचारलं, तेव्हा “माणूस यायचंय” एवढंच म्हणाले. तिच्या फोनवर हा फोटो आला होता. तिथे रेंज धड नव्हती, पण हा उघडला. चेहरा तिला तसाच वाटला, पण चार दिवसांची दाढी वाढलेली, खात्री होईना. म्हणून तिने फोन त्यांच्याच हातात दिला आणि विचारलं, “आजोबा, हे तुम्ही का?”

“नाही,” काका म्हणाले. “मी नाही ओळखत यांना.”

ती फोन परत घेणार तेवढ्यात त्यांचं बोट पडद्यावर टेकलं. खांद्यावरच्या हातापाशी.

“हे बोट मी तोडलंय,” ते म्हणाले, आणि रडायला लागले. तिने लगेच फोटोसोबत आलेल्या नंबरवर फोन लावला.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. “बरं झालं,” एवढंच म्हणाल्या आणि संगणकाकडे तोंड केलं. पुतणी गेल्यावर त्यांनी पडद्यावरचा कोणाचातरी फोटो मोठा करत नेला, पण डोळ्यांत पाणी असल्यामुळे चौकोन काही दिसले नाहीत.

महिन्याभराने मावशी स्वतः आल्या, काकांना घेऊन. खिशात ठेवायला एक कार्ड करायचं होतं, फोटो आणि घरचा फोन नंबर असलेलं. ताईंनी काकांना स्टुलावर बसवलं. टेबलावर कोणाचीतरी वही पडली होती. काकांनी ती उचलली, उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि नापसंतीने मान हलवून खाली ठेवली.

“इकडे बघा काका.”

त्यांनी बघितलं. कॅमेऱ्याकडे नाही, थेट ताईंकडे. इतक्या वर्षांत फोटो काढून घेताना कोणी त्यांच्याकडे असं बघितलं नव्हतं. सगळे काचेत बघायचे.

कार्ड तयार होईपर्यंत काका मावशींशी बोलत होते. आवाजात अदब होती, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंशी बोलावं तशी.

“तुम्ही इथे नेहमी येता का?”

“कधीमधी येते,” मावशी म्हणाल्या.

“चांगलं दुकान आहे. उजेड येतो.”

“हो, येतो.”

मावशींनी कार्ड त्यांच्या खिशात ठेवलं, खिसा वरून थोपटला. ताई त्यांना पायरीपर्यंत सोडायला आल्या. रस्त्यावर उन्हं उतरली होती, सगळं सोनेरी आणि जरा अस्पष्ट दिसत होतं. काका भिंतीला हात लावून पुढे चालले होते, मावशी अर्धं पाऊल मागे.

कोपऱ्यावर काका थांबले. मावशींचं घर डावीकडे होतं. काकांनी दोन्हीकडे बघितलं आणि घर ठाऊक असलेल्या माणसासारखे निवांतपणे उजवीकडे वळले.

मावशींनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि त्याही उजवीकडे वळल्या.