सतरा नंबरलाही नोटीस

गुप्त बैठकीची नोटीस सतरा नंबरलाही गेली, यात आपली काही चूक नाही असं पोस्टमनकाकांचं ठाम मत होतं.

"गल्लीत घरं एकोणीस. मी एकोणीस नोटिसा वाटल्या. एकतीस वर्षांच्या नोकरीत एक दार चुकवलेलं नाही मी."

"अहो काका, पण बैठक सतरा नंबरच्याच विरोधात आहे!" नर्सबाई म्हणाल्या.

"पाकिटात काय आहे ते पोस्टमननं बघायचं नसतं."

"तुम्हीच लिहिलीय ना ती?"

"लिहिताना मी समितीचा सचिव होतो. वाटताना पोस्टमन."

पोस्टमनकाकांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती हे कोणी काढलं नाही. कारण सतरा नंबरवाला समोरच बसला होता, चार घड्या केलेली नोटीस खिशात घालून.

बैठक खुर्चीवाल्याच्या दुकानात होती. तिथं बसायला खुर्च्या भरपूर, फक्त एकही धड नाही. दुरुस्तीला आलेल्या त्या. एकीला पाठ नाही, एकीला तीनच पाय. प्रत्येकजण आपल्या खुर्चीचं दुखणं ओळखून तोल सांभाळत बसला होता. दुकानातली एकमेव शाबूत खुर्ची मालकाची, आणि ती सतरा नंबरवाल्यानं आल्या आल्या धरली होती. तो इतका हळू बोलायचा की ऐकायला माणसाला पुढं वाकावं लागे, म्हणून त्याला सगळे हळूभाऊ म्हणत. तोंडावर नाही अर्थात.

हळूभाऊच्या घराच्या खिडक्यांना आतून पत्रे ठोकलेले होते. आत एका भल्यामोठ्या पातेल्यात काहीतरी शिजायचं, त्याची पावडर व्हायची आणि ती तीन वस्त्यांत विकली जायची. पुढच्या गटारातले उंदीरसुद्धा घर सोडून गेले होते, आणि उंदीर काही नाकं मुरडणारी जात नव्हे. त्या पावडरीपायी वर्षभरात तीन पोरांचे डोळे नर्सबाईंनी आपल्या हातानं मिटले होते. पोलिसांत तीनदा तक्रार झाली. तीनदा पोलीस आले, दारासमोर उभं राहून आम्हाला सर्दी आहे, वास येत नाही म्हणाले, आणि गेले.

तेव्हा ही युक्ती अक्कानं काढली. पाणी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एकाच व्हॉल्व्हमधून यायचं आणि त्याची कंबरेएवढी लोखंडी चावी अक्काकडं होती. आधी वडिलांकडं होती, ते गेल्यावर तिच्याकडं आली, तशी पाणी सोडायची नोकरीही. पातेलं गार ठेवायला सतरा नंबरला अखंड पाणी लागतं, हे तिनंच सांगितलं. रविवारी पातेलं बंद असतं. त्या दिवशी व्हॉल्व्ह फिरवायचा आणि आठ दिवस उघडायचा नाही. गल्लीनं पाणी साठवून ठेवायचं. कोणाला काही होणार नाही आणि धंदा झोपेल.

"गार ठेवायला लागतं हे तुला कसं कळलं गं?" नर्सबाईंनी तेव्हा विचारलं होतं.

"अंदाज," अक्का म्हणाली होती.

अंदाज कसला! तिचा धाकटा भाऊ तिथंच कामाला होता. घरी त्यानं साबणाच्या कंपनीत लागलो म्हणून सांगितलं होतं. पण त्याच्या अंगाला कधी साबणाचा वास आला नाही, बोटांची सालं निघाली आणि झोपेत तो पातेल्याशी भांडायला लागला. दोन महिने अक्का हे पोटात घेऊन फिरत होती. तिला फक्त तो बाहेर यायला हवा होता, आणि तोही धडधाकट. रविवार तिनं उगाच निवडला नव्हता.

"सुरू करा," हळूभाऊ म्हणाला. सगळे पुढं वाकले. दोन खुर्च्या कुरकुरल्या.

"विषय पहिला," पोस्टमनकाकांनी वाचलं, "गल्लीतला बंद दिवा."

"काका, दिवा राहू द्या!" खुर्चीवाला म्हणाला.

"क्रमानं घ्यायचं. विषयपत्रिका आहे ती, भेळ नाही."

मग खरोखरच पंधरा मिनिटं दिव्यावर चर्चा झाली. हळूभाऊनं आपली शिडी देऊ केली. त्याचे आभार मानावेत की नाहीत यावर दोन मतं पडली. अक्का ती लोखंडी चावी मांडीवर आडवी घेऊन बसली होती.

"विषय दुसरा. सतरा नंबरचा कारखाना उद्या रविवारी पाणी तोडून बंद पाडणे. कंसात, गुप्त."

"माझी हरकत नाही," हळूभाऊ म्हणाला. "फक्त एवढंच की तुमची नोटीस मिळाली, म्हणून मी पातेलं आज दुपारीच चढवलं. आता ते उतरवायचं नाही असं पोरांना सांगून आलोय. उद्या नाही, परवा नाही. पाणी थांबलं की दहा मिनिटांत फुटेल. आत चारजण आहेत." तो अक्काकडं वळला. "एक तर याच गल्लीतला आहे. सांगता का तुम्ही?"

नर्सबाई हळूच वळल्या. "कोण गं?"

"माझा धाकटा," अक्का म्हणाली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"दोन महिने."

"दोन महिने? अगं, शेवटचा पोरगा मी मागच्याच महिन्यात..." नर्सबाईंनी वाक्य अर्ध्यात सोडलं आणि मान फिरवली. एखादी थप्पड बसली असती तर बरं, असं अक्काला वाटलं.

"मग ठराव नामंजूर धरायचा?" हळूभाऊ उठला.

"मतदानाशिवाय नाही," पोस्टमनकाका म्हणाले.

अक्कानं चावी खांद्यावर टाकली. "तुम्ही मतं मोजा. मी पातेलं ज्याच्या हातात आहे त्याला विचारून येते."

ती निघाली तसे सगळेच उठले. खुर्चीवाला ओरडला, "रिकाम्या हातानं जाऊ नका! आपापली खुर्ची घ्या, सतरा नंबरच्या दारातली त्याची गाडी अडवायला होईल!" आणि अख्खी गल्ली मोडक्या खुर्च्या डोक्यावर घेऊन सतरा नंबरकडं चालू लागली.

अक्कानं दारावर चावीनंच तीन टोले दिले. दार वीतभर उघडलं, फटीत धाकटा. तोंडाला ओलं फडकं, डोळे लालभडक.

"अक्के, जा इथून."

"पातेलं धोका न होता उतरवायला किती वेळ लागतो?"

"उतरवायचं नाहीये."

"ते मी विचारलंच नाही. किती वेळ?"

त्यानं तिच्या खांद्यावरून पाहिलं. गल्लीभर माणसं खुर्च्या मांडून फोटोला बसल्यासारखी बसली होती.

"गॅस बंद केल्यावर चाळीस मिनिटं पाणी चालू ठेवावं लागतं."

"मग आतापासून चाळीस मिनिटं. नंतर मी बंद करणार. उद्या नाही, आज."

"तू नाही करणार." फडक्याआडून तो हसला असावा. "जेवला नाहीस तर ताट उचलीन म्हणायचीस. कधी उचललंस?"

"नाही उचललं," अक्का म्हणाली. "म्हणून तर तू इथं आहेस."

दार लागलं. मागून हळूभाऊ म्हणाला, "ती करणार नाही हे त्याला माहीत आहे. मलाही." आणि या खेपेला ऐकायला कोणी वाकलं नाही.

अक्का व्हॉल्व्हपाशी जाऊन उभी राहिली. तेवढ्यात लोकांच्या लक्षात आलं की पाणी उद्यापर्यंत साठवायचं ठरलं होतं आणि कोणी तांब्याभरही साठवलेलं नाही. धावपळ सुरू झाली तशी ती ओरडली, "नळाला हात लावायचा नाही कोणी! सगळा जोर सतरा नंबरला जाऊ दे!" अशा रीतीनं गल्लीनं आठ दिवसांची तहान पत्करली आणि गुपचूप खुर्च्यांवर येऊन बसली.

पंचविसाव्या मिनिटाला सतरा नंबरमधून एकजण खोकत बाहेर पडला. तिसाव्याला दोघे. ते कोणाकडं न बघता खुर्च्यांमधून वाट काढत निघून गेले. हळूभाऊनं त्यांना हाक मारली, पण आवाज चढवायची सवय नसल्यानं ती पोचली नाही.

चौथा आला नाही. पोस्टमनकाकांनी घड्याळ धरलेलं होतं. "चाळीस," ते म्हणाले.

नर्सबाई धावत आल्या. "थांब गं. अजून पाच मिनिटं दे."

"दिली तर त्याला कळेल की मिनिटं वाढतात," अक्का म्हणाली आणि तिनं चावी खाली घातली.

व्हॉल्व्हचे चौदा फेरे होते. नेहमी ती ते गुणगुणत फिरवायची. आज आठव्या फेऱ्याला ती थांबली, तेव्हा नर्सबाईंनी चावीच्या आडव्या दांड्याचं दुसरं टोक धरलं. जमिनीखालची सूं सूं बारीक झाली, मग गेली.

मग दहा मिनिटं. चौथ्या मिनिटाला कोणाच्या तरी खुर्चीचा पाय काडकन मोडला आणि अख्खी गल्ली डोकं धरून खाली वाकली. कोणी हसलं नाही. सातव्या मिनिटाला दार उघडलं.

तो भिंतीला धरून धरून आला आणि व्हॉल्व्हच्या झाकणावर बसला. नर्सबाईंनी कोणाच्या तरी पिशवीतली अर्धी बाटली ओढून त्याच्या डोळ्यांवर ओतली. गल्लीतलं तेवढंच पाणी होतं.

"गॅस केव्हा बंद केलास?" अक्कानं विचारलं.

"तू दारातून हललीस तेव्हाच."

"मग इतका वेळ आत काय करत होतास रे, मेल्या?"

"नळाखाली हात धरून बसलो होतो. बघत होतो, खरंच करतेस का." त्यानं सालं गेलेली बोटं उघडमीट केली. "धार बारीक होत होत गेली. तू केलंस, अक्के."

तो तक्रार करत होता की काय, तिला कळेना. पलीकडं खुर्च्यांच्या गराड्यात हळूभाऊ गाडीच्या दाराला टेकून शांतपणे या दोघांकडं बघत होता.

"मला घरी सोडशील?" धाकट्यानं विचारलं.

"चार दारं पुढं तर घर आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला, पण उठला नाही.

तिनं एका हातात चावी घेतली, दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरलं, आणि दोघं हळूभाऊच्या गाडीजवळूनच पुढं गेली, कारण वाट तेवढी एकच होती.