दोन्ही संच एका पाटावर

खाडीकाठच्या बत्तीस गावांतल्या भरतीच्या नोंदी नऊ वर्षं आमच्या पनवेलच्या कार्यालयात जमा होत होत्या. त्या सांभाळणं माझं काम. नियमही माझाच: नोंदी साठवलेल्या संगणकाच्या टेपांचा एक संच कार्यालयात, दुसरा खांदा कॉलनीत माझ्या घरी, दोन्ही एका छपराखाली कधीच नाहीत. हा नियम मी नव्या माणसांना इतका ऐकवायचो की आमच्या प्रमुख शशिकलाबाई म्हणायच्या, प्रभाकर, आता त्याची आरतीच रचा.

चौऱ्याण्णवच्या खंडेनवमीला संगणकाची पूजा ठरली. घरचा संच पूजेवाचून राहावा हे मला पटेना. अवजारांत दुजाभाव कसला? मीच तो पिशवीतून आणला, दोन्ही संच पाटावर शेजारी मांडले, हळदकुंकू वाहिलं. समई फुंकून विझवायची नसते, म्हणून तेवती ठेवली आणि कुलूप लावून सगळे जेवायला घरी गेलो. नऊ वर्षांची अक्कल एका दुपारी गहाण टाकली.

बंबवाल्यांनी दार फोडलं तेव्हा पाटाचा कोळसा झाला होता. टेपा वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. तो गोळा घेऊन मी मुंबईला धावलो. तिथल्या जाणकाराने तो नुसता उलटसुलट पाहिला आणि परत दिला. गावांतून आलेल्या मूळ कागदी वह्या तर दोन वर्षांपूर्वीच रद्दीत गेल्या होत्या. जागा अडते म्हणून मीच घातल्या होत्या. दिवाळीनंतर बांधांची उंची वाढवायची की नाही, यावर सरकारी बैठक होती. पाणी दरवर्षी चढतंय याला आमच्याकडे दुसरा पुरावा नव्हता. मला जगायची लाज वाटत होती.

चौथ्या दिवशी उरणकडच्या मिठागरावर, आमच्यासाठी भरती नोंदणाऱ्या दाजींकडे गेलो. खाडीत रोवलेल्या खुणेच्या खांबावरचा आकडा ते नऊ वर्षं दिवसातून दोनदा लिहून ठेवत. बायको गेली त्या दिवशीही त्यांनी तो चुकवला नव्हता. सगळं सांगितलं आणि पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"मी आता अडुसष्टाचा हाय," ते म्हणाले. "परत नऊ वर्सं कुटून आनू?"

भरती लागली तसे ते उठले, बांधावरून खांबापाशी गेले, आकडा पाहून आले. नातवाच्या शाळेच्या वहीत, मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी तो लिहिला. मी सवयीने हात पुढे केला. त्यांनी वही मिटून काखेत धरली.

"आमी लिवू," दाजी म्हणाले. "पन वही आता तुमाला देनार नाय."