खिडकीतला पिवळा हात

आमच्या कॉलेजात फी भरायची खिडकी इतकी बुटकी आहे की आत बसलेल्याला बाहेरच्याचा फक्त हात दिसतो. ज्यानं ती बांधली त्याला तोंडं बघायची नव्हती, एवढंच मी म्हणेन.

संगणकाचा वर्ग विनाअनुदानित. २००३ च्या दिवाळीनंतर त्यांनी फी दुप्पट केली. शिष्यवृत्ती आली की परत मिळेल, म्हणाले, आधी भरा. फी वाढली असं लोक बोलतात, जसा काही उन्हाळा वाढला. फी कुणीतरी वाढवतं. पंख्याखाली बसून, चहा पीत वाढवतं.

माझ्या बाकावर बसायची ती ऐश्वर्या, साखरा गावची. वडील शेषराव मजुरी करायचे. फीसाठी तिनं हिंगोलीत हळदीच्या कारखान्यात काम धरलं. सकाळी वर्ग, दुपारून हळकुंडं घासून चकचकीत करायच्या पॉलिशच्या ढोलाजवळ बसून हळद निवडायची. ढोल फिरला की पिवळी धूळ उडायची. तिचे तळहात पिवळे झाले, ते साबणानं निघेनात. मग घसा बसला. मग आवाजच गेला.

मजुरी हातात पडेपर्यंत मुदत मागायला ती एकटीच खिडकीवर गेली. आत हेडक्लार्क बंडोपंत. त्यांना ओळखपत्र धरलेला पिवळा हात दिसला.

"हळद लागली व्हय गं? कुठं दिली तुला?"

तिनं बोलायचा प्रयत्न केला. बंडोपंतांना वाटलं, पोरगी लाजली. त्यांनी तिथंच नाव कापलं: लग्न झाल्यामुळे शिक्षण सोडले. वर, शिपायाला सांगून तिला फाटकाबाहेर काढलं. आमच्या वस्तीत लग्नाला हळद लावणं बंद होऊन जमाना झाला. नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते, बुद्धवंदना होते, संपलं. पण हे त्यांना काय माहीत? त्यांनी आमचं लग्न पाहिलंय कधी? परीक्षा पंधरवड्यावर आली होती. नाव नसेल तर परीक्षा न्हाई.

दुसऱ्या दिवशी केतकी मॅडम हजेरी घेत होत्या. भारनियमनानं लाईट गेलेली, पंखे बंद, वर्ग एकदम गप्प. मॅडमनी ऐश्वर्याच्या आधीचं नाव घेतलं, मग नंतरचं. मधल्या जागेत आवाज आला.

"हजर, मॅडम."

माझ्या शेजारून. बाक रिकामा होता.

"कोण चावटपणा करतंय?" मॅडम म्हणाल्या.

"भूत, मॅडम," मागून भीमराज बोलला. हा आमच्या वर्गातला मसखऱ्या. "फी न भरता बसून राहिलं."

पोरं हसली. मी हसले न्हाई. आवाज ऐश्वर्याचा होता, घसा बसायच्या आधीचा, स्वच्छ. आणि बाकावर पिवळा पंजा उमटला होता, ओलसर.

दुपारी मी कारखान्यात गेले. ती ढोलाजवळ बसली होती. भुवया पिवळ्या, पापण्या पिवळ्या. ओठ हलले, आवाज न्हाई. खाली धुळीचा थर होता, त्यावर तिनं बोटानं लिहिलं: हजेरीच्या वेळी मी इथून हजर म्हणाले.

"वर्गात ऐकू येतं गं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. तिला माहीत होतं. ढोल फिरला आणि धुळीवरची अक्षरं झाकली.

"हजर" रोज येत राहिलं. चौथ्या दिवशी मी शेषरावमामांना, तिच्या वडलांना, बोलावून घेतलं. आम्ही बंडोपंतांसमोर उभं राहिलो.

"सायब, लग्न झालं न्हाई लेकराचं," मामा म्हणाले. "बापाला माहीत नसंल का?"

"बाप काय, फीसाठी काहीही सांगतील. तिनं सांगावं. तिला तोंड न्हाई का?"

"आहे," मी म्हणाले. "वर्गात या, तिथं बोलते ती."

ते आले. मला खोटं पाडायलाच आले. दाराशी उभे राहिले, तोंडात सुपारी. मॅडमनी हजेरी सुरू केली. तिच्या नावाच्या जागेवर आल्या तशा थांबल्या. आता त्या रोज तिथं थांबायच्या.

"हजर, मॅडम." मग जरा वेळानं, तसाच शांत आवाज: "माझं लग्न झालं न्हाई, बंडोपंत. हळद तुमच्या फीची आहे."

बाकावर एक पंजा उमटला. मग पुढच्या बाकावर. मग दाराकडच्या भिंतीवर. बंडोपंत सुपारी चघळायचे थांबले. त्यांच्या पांढऱ्या बाहीवर पाच बोटं उमटली तेव्हा ते बाही झटकत व्हरांड्यात मागं सरले.

त्याच दुपारी नाव परत आलं. फी मात्र माफ झाली न्हाई, ती काहून होईल. मजुरी मिळाली तशी ऐश्वर्या खिडकीवर गेली, मी सोबत होते. तिनं नोटा आत सरकवल्या. नोटाही पिवळ्या.

"ठेव तिथं," आतून आवाज आला. बंडोपंतांनी फूटपट्टीनं नोटा ओढून घेतल्या.

विटाळ नको म्हणून माझ्या आजीच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे. मी खाली वाकून आत पाहिलं. बंडोपंतांनी दुसऱ्या हातानं आपली बाही पोटाशी दाबून धरली होती. या खेपेला विटाळ नव्हता, भीती होती. मला बरं वाटलं. खोटं काहून बोलू?

ऐश्वर्या परीक्षेला बसली, पास झाली. पेपर लिहायला आवाज लागत न्हाई. आवाज काही परत आला न्हाई. हजेरीला ती ओठ मिटून बसते आणि "हजर" तिच्या शेजारच्या हवेतून येतं. मॅडम खूण करतात, वर बघत न्हाईत.

जूनमध्ये फीची नवी नोटीस लागली. आणखी वाढ. कॉलेज उघडलं नव्हतं, वर्गांना कुलपं होती. व्हरांड्यात भीमराज भेटला. त्यानं माझ्यासमोर तळहात उघडले. पिवळे.

"काही बोल," मी म्हणाले.

तो हसला. हसण्याचा आवाज कुलूपबंद वर्गातून आला.