आसरांच्या डोहात जाळं

"भागे, डोहात जाळं पडलं तर मी भगत म्हणून ऱ्हायचो नाय!" पुंजा भगत काठावरून ओरडला. सगळा पाडा गोळा झालेला.

"नका ऱ्हाऊ!" मी पण पदर खोचला. "पण दादा, आत काय उरलंय ते बघा तरी!"

आमच्या डोहातला खडस मासा आसरांचा, पाण्यातल्या देवींचा. मारायचा नाय, खायचा नाय. बाकी नदीत खडस कवाच संपला, इथं तेवढा जगलेला. डोहाची राखण आमच्या घराकडं. नागलीच्या भाकरीचा तुकडा टाकला की हातहातभर खडस वर यायचे. मग कुणी तरी नवसाची टूम काढली. पोर झालं, सोड मासा. बोअरला पाणी लागलं, सोड मासा. अन् कळवणच्या बाजारात जित्ता मिळतो कोण? मांगूर! काळा, मिशावाला, मेला कुठल्या मुलखातनं आलेला. पाच वर्सांत त्यानं खडसाची पिल्लं गिळली सगळी. परवा भाकर टाकली तर एकच म्हातारा खडस आला.

"मांगूर काढला नाय तर मी राखण कशाची करू? नुसत्या पाण्याची?"

पुंजादादा काठावर वाकून पाण्यात बघू लागला. मग म्हणाला, "एकदाच."

वैशाखाचं पाणी, कमरेइतकंच. सकाळपासून जाळी ओढली. ढिगानं मांगूर निघाले. म्हातारा खडस सापडला, तो मी हातानं परत सोडला. ढीग उंबराच्या सावलीत टाकला अन् पुरायला खड्डा पाहिजे म्हणून टिकाव आणाय घरी गेले. तिथंच चुकले. मांगूर पाण्याबाहेर लवकर मरत नाय, हे बाजारात बघितलेलं, तरी ध्यानात आलं नाय.

परतले तर शेजारची कुसाबाई नाचतच आली. "अगं भागे, चमत्कार! पाण्याबाहेर पडून हायेत, तरी जित्ते! आसरांनी राखले गं!"

बाया घमेल्यांनी मांगूर डोहात सोडत होत्या. पुंजादादा नारळ फोडत होता.

"अरे, त्यांची जातच तशी हाय!" मी घसा फोडून सांगितलं. एकीचं घमेलं ओढलं. पुंजादादानं माझं मनगट धरलं.

"आसरांनी कौल दिला, भागे. आता जाळं नाय. पुन्हा कधीच नाय."

कुसाबाईनं शेवटचा मांगूर माझ्या हातात दिला. "राखणवाली तू. तुझ्या हातानं सोड."

नाय म्हटलं असतं तर राखण काढून घेतली असती. सगळा पाडा बघत होता. मी सोडला.