थोरल्या मालकांची दाढी

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, सलूनमधली, गोल फिरणारी! आणि आज मला इतका आनंद झालाय की कुणी नुसतं बोट लावलं तरी मी गर्रकन फिरेन.

थोरल्या मालकांनी मला दुकानात आणलं तेव्हा माझी गादी लालचुटूक होती. दांडा दाबला की मी वर चढायचे, आणि मोठमोठी माणसंसुद्धा उगाचच खालीवर होऊन बघायची. पुढे थोरल्या मालकांचे हात थरथरू लागले आणि वस्तरा त्यांच्या मुलाच्या, म्हणजे धाकट्या मालकांच्या हाती आला. तेव्हापासून आमच्याकडे एक रिवाजच पडला. दुकान उघडलं की पहिली दाढी वडिलांची! बापलेक एकमेकांशी फारसं बोलायचे नाहीत. पण मुलगा वडिलांची हनुवटी दोन बोटांनी इतकी अलगद उचलायचा, की मला कुणी कितीही मोठ्या दुकानात नेलं असतं तरी मी गेले नसते.

आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात: वस्तरा हातातून निसटला तर झेलायचा नाही, पडू द्यायचा. धाकट्या मालकांनी एकदा तो झेलला! कुणी अनोळखी प्रवासी माझ्यावर बसला होता. त्याच्या हनुवटीवरची पुळी कापली गेली, रक्त आलं, मालक गडबडले, वस्तरा सुटला आणि त्यांनी तो मुठीतच धरला. तळहात चांगलाच चिरला. प्रवासी निघून गेला, आणि मालकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्या माणसाच्या रक्तात एचआयव्ही असेल तर?

तेव्हाच दवाखाना गाठायचा ना! पण नाही, लाजेपायी बरेच दिवस तोंड शिवून बसले. मग तपासणी केंद्रात जाऊन रक्त तपासून घेतलं, निगेटिव्ह. केंद्रातले म्हणाले, थोडी लवकर झालीय, तीन महिने उलटले की पुन्हा या. पुन्हा गेले, निगेटिव्ह! माझा जीव भांड्यात पडला, पण मालकांचा काही पडेना. दुसऱ्या प्रयोगशाळेत गेले, मग तिसऱ्या. सगळीकडे तेच उत्तर. प्रत्येक कागद केंद्रात नेऊन दाखवायचे. दुपारी दुकानात कुणी नसलं की माझ्यावर बसून आरशाशी बोलायचे, "यंत्रच बिघडलेलं असेल. नळी दुसऱ्याचीच असेल."

आणि ह्या भीतीपायी त्यांनी काय करावं? वडिलांची दाढी बंद! "बाबा, वाढवा दाढी, शोभते तुम्हाला," म्हणे. कसली शोभते! गालावर नुसतं रान माजलं होतं. आपल्या हाताला काही लागलं आणि बाबांना काही झालं, तर? एवढंच त्यांच्या डोक्यात. पण बाबांना हे कोण सांगणार? ते सकाळी दारापर्यंत यायचे, माझ्याकडे बघायचे आणि मागे फिरायचे. एकदा त्यांनी मुलीला म्हटलेलं मी ऐकलं, "त्याला माझा कंटाळा आलाय गं." काय सांगू मित्रांनो, तेव्हा मला अगदी रडू आलं.

मग ताईचं, म्हणजे धाकट्या मालकांच्या बहिणीचं, लग्न आलं. आदल्या दिवशी ती दुकानात तरातरा आली.

"दादा, उद्या बाबांना असं उभं करणार तू?"

"दुसऱ्या दुकानात ने त्यांना."

"दुसऱ्या दुकानात? बाबांना? अरे, काही वाटतं का तुला?" ती पाय आपटत गेली.

आणि त्याच दुपारी कोण यावं? तपासणी केंद्रातले समुपदेशक! घाबरलेल्यांना समजावून सांगणं हेच त्यांचं काम. दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून ते माझ्यावर बसले आणि केस कापून घेतले. मालकांनी रिवाजाप्रमाणे मागे छोटा आरसा धरला.

"छान. पुन्हा दाखवा बरं."

मालकांनी दाखवला.

"पुन्हा एकदा. हां, डाव्या बाजूने. आता उजव्या. आता परत मागून."

मालकांचा हात भरून आला. "अहो सर, केस तेच आहेत, आरसा तोच आहे! बघून बघून काय बदलणार आहे?"

"मग तुम्ही अजून किती प्रयोगशाळा बघणार आहात?" सर हसले नाहीत. "पहिली तपासणी लवकर झाली होती, तिच्यावर विसंबला नाहीत ते बरोबर. तीन महिन्यांनंतरची निगेटिव्ह आली, त्यानंतर नवीन काही घडलेलं नाही. विषय संपला. आता जी आहे ती भीती आहे. तिच्यासाठी माझ्याकडे बोलायला या, सुई टोचून घ्यायला नको."

मालक माझ्या पाठीला धरून ढसाढसा रडले. मग एकदम म्हणाले, "सर, उद्याची पहिली दाढी बाबांची! आत्ताच त्यांना सांगून येतो!"

"मला कशाला सांगता? पळा!"

आणि काय सांगू, लग्नाच्या सकाळी थोरले मालक माझ्यावर बसले! किती हलके झाले होते ते. मुलाने सगळं सांगून टाकलं. म्हातारबुवा एवढंच म्हणाले, "वेड्या, मला वाटलं मीच काही चुकलो." नवं पातं लागलं, फेस चढला, एक गाल गुळगुळीत झाला. आणि कानाखाली वस्तरा अडखळला. रक्ताचा एक थेंब!

मालक जागच्या जागी थिजले. गेलं, सगळं गेलं, असं मला वाटलं.

"बघत काय बसलास?" थोरले मालक ओरडले. "कापूस दाब आणि दुसरा गाल कर. माझ्या पोरीचं लग्न आहे!"

मालकांनी कापूस दाबला. हात मागे घेतला नाही. आणि मित्रांनो, दुसरा गाल केला!

म्हणून मनापासून सांगते. शंका आली तर लाजू नका, लगेच विचारा, वेळेवर तपासून घ्या, आणि खात्रीचं उत्तर आलं की ते घेऊन घरच्या माणसांत परत जा. कुणाचं उत्तर वेगळं आलं, तर त्यावर औषधं आहेत, पुढे आख्खं आयुष्य आहे. त्यालाही नवं पातं लावून हक्काने माझ्यावर बसवा. मी आजवर कुणालाही ऊठ म्हटलेलं नाही.