दुआन म्हाताऱ्याच्या नाकातला भाडेकरू

मित्रांनो, मी एक जुना जंतू आहे. लगेच नाकाला रुमाल लावू नका. चीनमधल्या युन्नानच्या डोंगरातल्या दुआन म्हाताऱ्याचं नाक हेच माझं घर. आम्ही द्राक्षांच्या घडासारखे एकमेकांना चिकटून राहतो आणि बघता बघता एकाचे दोन होतो, त्यामुळे ‘मी’ म्हणजे माझं सगळं गणगोत समजा. सुरुवातीला मी फार गुणी होतो. शरीरातल्या पहारेकरी पेशी येता-जाता डोळे वटारायच्या आणि मी आपल्या पायरीनं राहायचो.

पण म्हातारा सिगारेट ओढायचा. त्या धुरानं माझं अंग भाजून निघे. जगायचं म्हणून मी भोवती चिकट, जाड कवच विणलं. मग पहारेकरी मला गिळत, पण पचवू शकत नसत. मी दांडगा झालो. हौसेनं नाही, मला तसं केलं गेलं.

मग म्हाताऱ्याला नात झाली. त्याची बायको शिउझेन दारातच आडवी उभी राहिली. “म्हाताऱ्या, तोंडाला धुराचा वास असेपर्यंत पोरीला हात लावायचा नाही.”

“सोडली म्हण. आत्तापासून,” तो म्हणाला.

त्यानं खरंच सोडली. किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी कवच उतरवायला लागलो. आता शहाण्यासारखं राहायचं, असं मी मनाशी ठरवलंही होतं.

पोर महिन्याची झाली तेव्हा रिवाजाप्रमाणे जेवणावळ झाली, लाल रंगवलेली अंडी वाटली. जो तो आजोबापुढे सिगारेट धरत होता. नाही म्हटलं तर समोरच्याचा अपमान, म्हणून दुआन प्रत्येक सिगारेट घेऊन कानामागे खोचत होता.

“बघा, कान भरले, पण एक पेटवली नाही,” शिउझेन पाहुण्यांना कौतुकानं सांगत होती.

मीही फुशारलो होतो. पण पाहुणे पांगताच म्हातारा तंबाखू वाळवायच्या भट्टीमागे गेला आणि कानामागच्या सगळ्या सिगारेटी एकामागून एक ओढल्या. मी अर्धा उघडा होतो, मित्रांनो. इतका दगा मला कुणी दिला नव्हता. मी कवच पुन्हा विणलं, पहिल्याहून जाड. त्यानं चूळ भरली, लसणाची कोवळी पात चावली, आणि घरात येऊन नातीच्या नाकाला नाक घासलं.

असा मी पोरीकडे गेलो. तिचे पहारेकरी अजून कोवळे होते. चार दिवसांत ती तापानं फणफणली, तिला धाप लागली. तालुक्याच्या दवाखान्यातलं पहिलं औषध मला ढिम्म हलवू शकलं नाही.

“घरात सिगारेट कोण ओढतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “धुरानं जंतू चिवट होतात, आणि पोरांची ताकद कमी होते.”

“कुणीच नाही,” शिउझेन ठामपणे म्हणाली. “यानं कधीच सोडली.”

दुआननं हात पाठीमागे नेले. त्या क्षणी मला माझ्यापेक्षा शिउझेनचीच कीव आली.

दुसऱ्या औषधानं पोर वाचली. तिच्या अंगातलं माझं सगळं गणगोत मेलं, आणि खरं सांगतो, मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नवऱ्यानं पोर वाचल्याच्या आनंदात सिगारेट पुढे केली. दुआननं सवयीनं ती कानामागे खोचली. शिउझेननं ती काढून घेतली. मग त्याचा हात हातात घेतला आणि पिवळी पडलेली बोटं हुंगली.

“जेवणावळीच्या दिवशीपण?” तिनं विचारलं.

“पाहुण्यांचा मान राखायला...”

“पाहुण्यांचा राखलास,” ती म्हणाली आणि पोरीला घेऊन खिडकीशी गेली.

मित्रांनो, मी कुणाचा मित्र नाही हे मला कळतं. हात धुवा, मला दूर ठेवा, माझी तक्रार नाही. पण मला धुरात कोंडून दांडगा करू नका, आणि नंतर माझ्याच नावानं बोटं मोडू नका.

मी अजून दुआनच्याच नाकात आहे. काल त्यानं पुन्हा शपथ घेतली आणि नातीसाठी हात पुढे केले. शिउझेननं सगळं ऐकून घेतलं आणि पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मीही कवच उतरवलेलं नाही.