फॉर्मवरचं घड्याळ

दोन हजार सोळा सालची गोष्ट. प्रसूतिगृहाच्या नोंदणी खिडकीत मावशी बसायच्या. तिथे त्या कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, पण बत्तीस वर्षं जन्मवेळा लिहिणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? आधी वही, मग टाइपरायटर, मग संगणक. संगणकावर वेळेसाठी एक साधा चौकोन होता. चार आकडे दाबले की काम संपलं.

नव्या फॉर्मसाठी आणलेल्या तरुणाला हे फारच साधं वाटलं. मावशी त्याला मनात 'कलाकार' म्हणायच्या. त्यानं चौकोन काढून तिथे गोल घड्याळ बसवलं. काटे माउसनं फिरवायचे. सकाळ असेल तर सूर्य उगवणार, रात्र असेल तर चंद्र.

"वेळ भरणं हासुद्धा एक अनुभव असायला हवा," तो म्हणाला.

अधीक्षकांनी मान डोलावली. न कळलेल्या गोष्टींना मान डोलावतच ते त्या खुर्चीपर्यंत पोचले होते.

महिनाभरात सतरा दाखले परत आले. साडेतीनचं बाळ साडेपाचचं झालेलं. एकाला तर जन्माच्या तासभर आधीच लस टोचलेली!

"मावशी, वय झालं आता," अधीक्षक म्हणाले. "सोमवारपासून तळघरात जुन्या फायलींपाशी बसा."

निवृत्तीला दहा महिने उरले होते. इतक्या वर्षांत एक वेळ चुकली नव्हती आणि आता चुका करणारी म्हणून तळघरात जायचं? मावशींना घास गोड लागेना. मग त्या स्वतःच्याच हातांवर पाळत ठेवून बसल्या. शुक्रवारी चोर सापडला. त्यांनी अधीक्षकांना, मोठ्या सिस्टरना आणि कलाकाराला खिडकीत बोलावलं.

"काय अडलं, आजी?" कलाकारानं विचारलं.

"तुझंच अडलंय. बस. सिस्टरच्या वहीत नऊ वीस आहे, ते भर."

त्यानं ऐटीत काटे लावले.

"आता जतन कर."

ते बटण पानाच्या तळाशी होतं. त्यानं माउसचं चाक फिरवत पान खाली नेलं, बटण दाबलं. कागद बाहेर आला.

"अकरा वीस," सिस्टर म्हणाल्या.

"चुकून झालं असेल."

"मग पुन्हा चुकून दाखव."

या खेपेला बारा वीस झाले. त्याचे कान लाल झाले.

"माउसचा बाण अजून घड्याळावरच असतो रे," मावशी म्हणाल्या. "तू चाक फिरवतोस पान सरकवायला, आणि तुझ्या शहाण्या घड्याळाला वाटतं काटा फिरवायचाय. घड्याळ वर निघून जातं, दिसत नाही."

"पण चाकानं काटा फिरणं हीच तर खासियत आहे! आपण एक सूचना टाकू, 'वेळ बरोबर आहे ना?'"

"ते मी बत्तीस वर्षं स्वतःला विचारतेय. त्यासाठी तू कशाला हवास?"

सिस्टर तोंडाला रुमाल लावून वळल्या.

"चौकोन परत बसवा," अधीक्षक म्हणाले, जणू चूक त्यांनीच पकडली होती. माफी मागितली नाही. तळघराचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही.

अधीक्षकांना पुढे बढती मिळाली. अशांना मिळतेच. कलाकाराला त्याच घड्याळाबद्दल बक्षीस मिळालं. परीक्षकांपैकी कुणी त्यात वेळ भरून पाहिली नसावी. सिस्टर मुलीकडे राहायला गेल्या. दाखले दुरुस्त करून घरोघर पाठवले गेले. दोन पत्ता न सापडल्यानं परत आले आणि ती दोन मुलं कागदोपत्री अजून उशिराच जन्मलेली आहेत. मावशी शेवटच्या दिवसापर्यंत खिडकीतच बसल्या. नंतर धाकट्या बहिणीकडे गेल्या, तिच्याशी रोज मनसोक्त भांडल्या आणि गेल्या वर्षी तिथेच वारल्या.